चाळीस कप्प्यांची पेटी

आप्पांना सायकलवर मी कधी कुणाच्या पुढे पाहिलं नाही. सहा वर्षं आम्ही दर जानेवारीत धडगावहून म्हसावदपर्यंत डोंगरातून सायकली हाणत आलो, आणि सहाही वर्षं हा माणूस सगळ्यांच्या मागे. दम नव्हता म्हणून नाही. साठी उलटली होती तरी चढावर ते आम्हा सगळ्यांना धूळ चारू शकले असते. पण कुणी पुढे व्हा म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "पुढला वाट दखस, मांगला मानसं दखस." पुढचा वाट बघतो आणि मागचा माणसं बघतो, आणि आपल्याला माणसं बघायची आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

वीज खात्यात बत्तीस वर्षं लाइनमन. सातपुड्यातल्या कितीतरी पाड्यांवर पहिला खांब त्यांच्या हातचा. निवृत्त झाल्यावरही खाकी शर्ट सुटला नाही आणि शर्टाच्या खिशातला टेस्टर तर लग्नातसुद्धा सुटला नाही. डोंगरातली ठिकाणं त्यांना नावानं कमी आणि खांबाच्या नंबरानं जास्त माहीत. पाणी कुठे मिळेल विचारलं तर म्हणायचे, सत्तावीस नंबरच्या पोलच्या डावीकडे झिरा आहे. आम्ही पोल शोधायचो, नंबर केव्हाच पुसलेला असायचा, पण झिरा तिथेच निघायचा.

मी म्हसावदला शाळेत शिक्षिका. डॉक्टरांनी साखर सांगितली, चालायला सांगितलं, आणि चालण्याचा मला मनस्वी कंटाळा. भाच्याची गियरची सायकल धूळ खात पडली होती, ती घेतली. त्याच सुमाराला आमच्या शाळेच्या ओट्यावर या सायकलवाल्यांची बैठक भरली. तीसेक जण, शहाद्याचे दुकानदार, दोन-तीन शिक्षक, कॉलेजची मुलं, आणि मधोमध हे खाकी शर्टवाले गृहस्थ एकेकाची सायकल उलटी करून तपासतायत. माझ्या सायकलवर त्यांनी एक नजर टाकली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हाई सायकल शे बाई, पाट नही."

सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्गात साठ पोरांना गप्प बसवणारी मी, आणि हा कोण मला सांगणारा? तसं बोललेही. त्यांनी पान्हा काढला, सीट चार बोटं वर केली आणि म्हणाले, गावाच्या वेशीपर्यंत जाऊन या. गेले. पंधरा दिवस गुडघा ठणकत होता तो दोन दिवसांत थांबला. मला खरा राग आला तो त्याचा.

आमचा बेत असा असायचा. पहाटे सायकली जीपांच्या टपांवर चढवायच्या. त्या बांधायचं काम आप्पांचं. ती गाठ घाटात एका वळणावरही कधी सैल झाली नाही. सायकली धडगावला उतरवायच्या आणि तिथून जंगलातल्या जुन्या वाटेनं चढ-उतार करत, मुरमातून, दगडांतून, तीन कोरडे नाले ओलांडत पायथ्याला यायचं. शेवटच्या नाल्याच्या अलीकडे एक फाटा. तिथून सरळ गेलं की डांबरी सडक आणि म्हसावद. डावीकडे एक पायवाट उतरते, ती पायथ्याच्या गावांना जाते. आमच्यापैकी कुणी डावीकडे जायचं नाही, हा नियम.

नियम पुष्कळ होते. ते सगळे त्या पेटीतून यायचे.

घरातल्या जुन्या मीटरच्या फळीवर पांढरे चिनी मातीचे फ्यूज असायचे, आठवतात का? तसले चाळीस भंगार फ्यूज आप्पांनी जमवले होते. त्यांवर तांबड्या रंगानं आकडे घातले आणि चाळीस कप्प्यांची एक लाकडी पेटी करून घेतली. धडगावला निघताना ज्यानं त्यानं आपल्या नंबरचा फ्यूज काढून खिशात घालायचा. पेटी जीपनं पुढे म्हसावदला शाळेच्या ओट्यावर येऊन बसायची. पोचल्यावर ज्यानं त्यानं आपला फ्यूज आपल्या कप्प्यात ठेवायचा. आप्पा सर्वांत शेवटी येणार, कप्पे बघणार, शेवटी स्वतःचा एक नंबरचा ठेवणार, झाकण लावणार आणि म्हणणार, लाइन चार्ज. तोवर कुणी जेवायचं नाही. ओट्यावर वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी झाकून ठेवलेल्या असायच्या, वास सुटलेला असायचा, आणि तीस भुकेली माणसं एका लाकडी पेटीकडे टक लावून बसलेली. एखादा कप्पा रिकामा दिसला की आप्पा पाणीही न पिता सायकल वळवायचे.

आणि दुसऱ्याचा फ्यूज ठेवायचा नाही. हा त्यातला सर्वांत कडक नियम. "ज्यान्हा फ्यूज, त्यान्हा हात."

दुसऱ्या वर्षी नंदुरबारचे एक डॉक्टर आले होते. सायकल अशी की आमच्या सगळ्यांच्या सायकली विकल्या तरी तिचं पुढचं चाक आलं नसतं. शेवटच्या टप्प्यावर त्यांना पेशंटचा फोन आला, गाडी बोलावली, सायकल तिच्यावर टाकली आणि परस्पर निघून गेले. फ्यूज खिशात. फोनवर सांगितलं की मी घरी पोचलो, फ्यूज कुणाच्या तरी हाती पाठवतो. आप्पा हो म्हणाले. आम्हाला जेवायला सांगितलं, पण झाकण लावलं नाही आणि स्वतः घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस पेटी मांडीवर घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटांच्या बाकावर बसलेला. चिठ्ठीचा नंबर आला तसे आत गेले. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं तेव्हा पेटी टेबलावर ठेवून उघडली. डॉक्टरांनी निमूटपणे खिसे चाचपले, घरी माणूस पाठवला, फ्यूज मागवला आणि आपल्या हातानं कप्प्यात ठेवला. मग आप्पांनी एक नंबरचा ठेवला, झाकण लावलं आणि खालच्या टपरीवर भजी खाल्ली. ही गोष्ट आम्ही वर्षभर एकमेकांना सांगून हसत होतो. मीही हसले. म्हाताऱ्याला वेड आहे, असंच मला वाटायचं.

ते वेड नव्हतं, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. माझी चेन तुटली. मागे राहिले, म्हणजे आपोआप आप्पांबरोबर राहिले. एका खांबाखाली बसून ते कड्या जोडत होते. मी सहज विचारलं, ही पेटीची भानगड तुमच्या डोक्यात आली कुठून? चेनवरची नजर न हलवता त्यांनी सांगितलं. लाइनवर काम करायचं तर सबस्टेशनमधून परमिट घ्यावं लागतं. ज्याच्या नावावर परमिट, तो सांगेपर्यंत ऑपरेटर लाइन चार्ज, म्हणजे चालू, करत नाही. त्या दिवशी परमिट आप्पांच्या नावावर होतं. दोन खांबांवर दोन माणसं चढलेली. त्यातला रतन, दोन लेकरांचा बाप, वळणापलीकडच्या खांबावर. संध्याकाळ होत आलेली, सगळे थकलेले, गावातून लाइन कधी येणार म्हणून ओरडा चाललेला. दुसरा माणूस चालत आला आणि म्हणाला, "उतरना तो." आप्पांनी वळणापलीकडे जाऊन बघितलं नाही. परमिट परत केलं.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चेन जोडली, हात मातीला पुसले आणि म्हणाले, "तो खोटं बोलना नही, बाई. त्याले वाटनं, उतरना व्हई." त्याला वाटलं, उतरला असेल. एवढंच.

हे मी ऐकलं होतं. माझ्या कानांनी, खांबाखाली बसून. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

राइडच्या आधी पंधरा दिवस आप्पा एकटे सगळी वाट फिरून यायचे. सहाव्या वर्षी मी बरोबर गेले. मला वाटलं दगड-खड्डे बघायला जातात. ते तर प्रत्येक पाड्यावर थांबून, मोडक्यातोडक्या पावरी बोलीत, घरी कोण आहे, कोण नाही, तेवढंच विचारत होते आणि एका वहीत लिहून घेत होते. एका म्हातारीनं त्यांना ओळखलं. तिच्या अंगणातला खांब आप्पांनीच रोवलेला, पण तार यायला पुढे काही वर्षं लागली होती. खांब चांगला आहे, बकऱ्या बांधायला फार उपयोगी पडला, असं ती म्हणाली. आप्पा मान खाली घालून हसले. मग तिच्याकडे बराच वेळ बसून राहिले.

परत येताना दिसलं, शेवटच्या नाल्यापाशी जो पाडा आहे, तो अख्खा बंद होता. दाराला काटक्या लावून सगळे ऊसतोडीला गुजरातेत गेलेले. मागे ती एक बकऱ्यांवाली म्हातारी, तीही कोसभर वर. बैठकीत आप्पांनी सांगितलं की यंदा राइड पुढे ढकलू, होळीला माणसं परत येतात, तेव्हा करू. कुणी पडलं तर आधी घरात माणूस पाहिजे, मग डॉक्टर.

आम्ही कुठे ऐकतोय. होळीला ऊन होतं, शाळांच्या परीक्षा होत्या, कुणाचं लग्नकार्य होतं. पायथ्याच्या गावचे पावरा सर, माझ्याच शाळेत गणित शिकवणारे, ते तर म्हणाले की आप्पा, ही माझ्या बापाची वाट आहे, डोळे मिटून उतरतो. सगळ्यांत मोठ्यानं मी बोलले. म्हटलं, तुम्ही उगीच घाबरता. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, वही मिटली आणि म्हणाले, ठीक आहे, मी मागे आहेच. आमच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली. ते हट्टाला पेटले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं. फाट्यावर मी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. पावरा सर तिथे उभे. त्यांच्या घरी पाहुणे येणार होते. म्हसावदपर्यंत जायचं आणि मग उलटं आपल्या गावी यायचं, त्यापेक्षा डावीकडच्या पायवाटेनं अर्ध्या तासात घर. त्यांनी खिशातून फ्यूज काढला. माझा अठरा, त्यांचा एकोणीस.

"बाई, एवढा ठेवून द्या ना. आप्पांना कशाला सांगताय?"

आप्पा अजून दोन वळणं मागे होते. मी आधी नको म्हटलं. मग घेतला. शेजारचाच तर कप्पा, असं काहीतरी मनात आलं. सर डावीकडे वळले, मला हात केला आणि झाडीत दिसेनासे झाले.

ओट्यावर पोचले आणि अठरा ठेवला, एकोणीस ठेवला. कुणी बघितलं नाही. भरताचा वास सुटलेला. शेवटी आप्पा आले. सायकल टेकवली, पेटीवर वाकले, कप्प्यांवरून बोट फिरवलं. सगळे भरलेले. मग मान वर करून आमच्यावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"सर दिखतस नही."

"ते घरी गेले," मी म्हटलं.

"पोचनात?"

"पोचले."

"तुम्ही दखं?"

"हो. बघितलं ना."

एरवी मी आप्पांशी घरच्यासारखी अहिराणीत बोलायचे. त्या दिवशी मात्र शाळेतली मराठी तोंडातून आली, वर्गात बोलावी तशी ठाम. मी त्यांना वळताना बघितलं होतं. वळणं आणि पोचणं यांत कोसभर डोंगर होता, तो मी जिभेनं पार करून टाकला. तीस जण भुकेले होते, मी थकले होते, आणि नियम मोडल्याबद्दल सगळ्यांदेखत पुन्हा एकदा ऐकून घ्यायचं नव्हतं. खरं सांगायचं तर हे शेवटचंच मुख्य.

बाई सांगतायत म्हणजे झालं, असं काहीसं आप्पा पुटपुटले. एक नंबरचा ठेवला, झाकण लावलं. लाइन चार्ज. आम्ही भरतावर तुटून पडलो.

पावरा सर पायवाटेच्या अर्ध्यावर सायकलसकट नाल्यात पडले होते. मांडीचं हाड मोडलं. मोबाइलला रेंज नाही. बंद पाड्याच्या दिशेनं हाका मारून मारून घसा बसला. सर मधूनच परतणार हे घरच्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना वाटलं दरवर्षीसारखे जेवायला थांबले असतील, उशीर झाला म्हणून तिथेच राहिले असतील. जानेवारीची थंडी. सकाळी बकऱ्या घेऊन उतरणाऱ्या त्या खांबवाल्या म्हातारीला ते सापडले. तिनं चालत जाऊन सडकेवरची जीप थांबवली.

सर वाचले. पाय राहिला, पण सरळ झाला नाही. आता काठी घेऊन चालतात आणि खुर्चीवर बसून गणित शिकवतात. सायकल पुन्हा बघितली नाही.

ते सापडले त्याच दिवशी दुपारी सरांची बायको आप्पांच्या दारात उभी राहिली. तुमच्या भरवशावर पाठवलं होतं, तुम्ही माणसं मोजता म्हणून पाठवलं होतं, म्हणत ती रडत होती, बोलत होती, आणि गल्ली गोळा झाली होती. मीही त्या गर्दीत होते. आप्पा हात जोडून उंबऱ्यात उभे. ती दमल्यावर ते म्हणाले, "मन्ही चूक शे. मी पेटी दखी, मानूस नही दखा."

मी पेटी बघितली, माणूस नाही बघितला. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. दवाखान्यात सरांनी घेतलं नाही. मी तर घेतलंच नाही. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. गावात मग बोलणं सुरू झालं की म्हातारा चळला, डोळ्यांना दिसत नाही, आकडे विसरतो. मी स्टाफरूममध्ये ते ऐकलं आणि चहा प्याले. दोन शिकलेली माणसं एका निवृत्त लाइनमनच्या पाठीमागे लपून बसली. लाज वाटते का? वाटते. पण लाज वाटल्यानं काही होत नाही.

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर आप्पांनी पेटी उघडली, एक नंबरचा फ्यूज काढला आणि खिशात टेस्टरशेजारी ठेवला. हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं. राइड पुन्हा झाली नाही.

महिन्याभरानं मी गेले. रविवार होता, अंगणात ते गल्लीतल्या कुणाची तरी सायकल दुरुस्त करत होते. मी जे सांगायचं ते एका दमात सांगितलं. खोटं बोलले, रतनची गोष्ट माहीत असून बोलले, सरांच्या बायकोला मी सांगते, गावाला सांगते. ते ऐकत होते आणि हातातलं चाक फिरवून आरे तपासत होते. तुम्ही मला एकदा शिव्या तरी द्या, असंही मी म्हटलं.

"बाई," ते म्हणाले, "परमिट मन्हा नाववर व्हतं."

एवढं म्हणून त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मला वाटलं होतं, माफी मागितली की छातीवरचा दगड उतरेल. त्यांनी माफ केलं नाही आणि दोषही दिला नाही. तसाच दगड घेऊन मी परत आले. सरांच्या बायकोला मात्र जाऊन सांगितलं. तिनं दार लावून घेतलं. ते बरोबरच होतं.

परवाच्या दिवाळीनंतर कळलं की आप्पा सुरतला चाललेत, मुलाकडे, कायमचे. गुडघे गेले होते. मी शहाद्याच्या स्टँडवर सायकलनंच गेले. पावरा सर आधीच आलेले, काठी टेकून उभे. ते आणि आप्पा काय बोलले मला माहीत नाही, मी लांबच थांबले. थोड्या वेळानं सर आपल्या तीनचाकी स्कूटरवरून निघून गेले. जाताना माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

आप्पांनी मला बोलावलं. पायाशी गोणपाटात गुंडाळलेली पेटी होती, ती माझ्या हातात दिली. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, तुम्ही करा, मागे तुम्ही राहा, म्हणाले. मी, आणि मागे? मी नाही म्हणाले, मला तो अधिकार नाही. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पेटी उघडून बघितली तर एक नंबरचा कप्पा रिकामा. मी विचारलं. त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "मी उनू म्हंजे ठेवसू." आलो की ठेवीन. ज्याचा फ्यूज त्याचा हात.

बस लागली. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. कंडक्टर दार लावत होता तेव्हा त्यांनी गज धरून बाहेर वाकून मला विचारलं.

"बाई, सर घर पोचनात का?"

सरांना जाऊन अर्धा तास झाला होता. रस्ता सरळ, डांबरी, दिवसाढवळ्या. पोचले असतील, असं वाक्य तोंडाशी अगदी तयार होतं. बघा, माणसाच्या जिभेला वळण लागलेलं असतं ते असं. मी ते गिळलं.

"माहीत नही, आप्पा," मी म्हटलं. "दखीसन सांगसू."

बघून सांगते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत. मान एकदा खाली, एकदा वर. बस मागे सरकली, वळली, आणि मला दिसला तो गजावरचा त्यांचा एक हात आणि खिशावर ठेवलेला दुसरा.

मी पेटी कॅरियरला बांधली. त्यांची गाठ मला येत नाही, माझी दोनदा सुटली. शहाद्यापासून पावरा सरांचं गाव माझ्या सायकलला दीड तास आहे. कापसानं पांढरी झालेली शेतं, पपयांच्या बागा, मग डोंगर जवळ येत जातो. ज्या दारावर मी एकदा उभी राहिले होते, त्याच दारासमोर सर ओसरीवर बसून वह्या तपासत होते. त्यांच्या बायकोनं मला पाहिलं आणि या वेळी दार लावलं नाही. पाणी आणून दिलं. मी ते न पिता आधी फोन लावला. पलीकडे बसचा खडखडाट.

"आप्पा, सर घर शेत. मी दखं." सर घरी आहेत, मी बघितलं.

"हां," ते म्हणाले. "आते जा बाई घर."

मग मी पाणी प्याले आणि घरी गेले.